सातव्या उत्तरदात्याचे विनोद

कॉलेजच्या मोठ्या गेटसमोर झेरॉक्स आणि बायंडिंगचं एक अरुंद दुकान आहे. त्याच्या माळ्यावरच्या खोलीत वार्ताहर राहायचा. वार्ताहर हे त्याचं नाव नव्हे आणि हुद्दा तर नव्हेच. शाळेत रोज सकाळी सगळ्या मुलांसमोर ठळक बातम्या वाचायचं काम त्याच्याकडे होतं, कारण आवाज खणखणीत होता आणि लाज बेताची. तेव्हापासून मामा त्याला वार्ताहर म्हणत. गावाकडचं शिक्षण आटोपून पत्रकारितेचं एम.ए. करायला तो बॅग घेऊन दुकानाच्या पायरीवर उभा राहिला, तेव्हा मामांनी आत हाक मारली, "अगं, चहा टाक. आमचे खास प्रतिनिधी आलेत."

दुकान मामा-मामींचं. मशीन, शिवण आणि पुठ्ठ्यावरची सोनेरी अक्षरं हे मामांचं खातं. पानं जुळवणं मामीचं. भिंतीलगतच्या लांब टेबलावर पानांचे गठ्ठे मांडून ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायची, आणि टोकाला पोचेपर्यंत तिच्या हातात कुणाचा तरी अख्खा प्रबंध गोळा झालेला असायचा. सरसाचा वास दोघांच्या कपड्यांत मुरलेला. "या शहरात ज्याच्या नावामागे डॉक्टर लागलंय," मामा म्हणायचे, "तो प्रत्येक जण या पायरीवर 'मामा, उद्या सकाळपर्यंत द्या ना' म्हणून रडून गेलाय."

आता भाच्याची पाळी होती. एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला लघुप्रबंध लिहावा लागतो. वार्ताहरानं मोठ्या हौसेनं विषय नेला होता, 'माध्यमं आणि समाज: काल, आज आणि उद्या'. त्याच्या मार्गदर्शक मॅडमनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

"उद्या काढून टाक. उद्याचं तुला काय माहीत?"

"बरं मॅडम."

"आजही काढ. ते लिहीपर्यंत जुनं होतं. काल ठेव."

असा तो काल उरला. शेवटी विषय ठरला तो असा, की सामान्य वाचकाच्या डोक्यात कालच्या वर्तमानपत्रातलं आज काय शिल्लक राहतं. नेहमी वर्तमानपत्र वाचणारे थोडे लोक गाठायचे, दर शनिवारी त्यांना एकच प्रश्न विचारायचा, "कालच्या पेपरातलं काय आठवतंय?" आणि जे सांगतील ते फोनवर रेकॉर्ड करायचं. सोपं काम. फक्त मॅडमचा नियम कडक होता. आठवण करून द्यायची नाही. चुकलं तर सुधारायचं नाही. बरोबर की चूक हे सांगायचं तर अजिबातच नाही. "कपाळाला आठी घातलीस तरी ती ढवळाढवळ," मॅडम म्हणाल्या.

उत्तरदाते त्यानं गल्लीतूनच गोळा केले. केशकर्तनालयवाले, औषध दुकानवाले, शिंपीकाका, निवृत्त मुख्याध्यापिका, बँकेचे सुरक्षारक्षक, इस्त्रीवाले. आणि सातवे मामा. प्रत्येकाकडून त्यानं संमतीपत्रावर सही घेतली आणि खाली स्वतःचीही केली, की तुमचं नाव आणि तुम्ही सांगितलेलं मी कुणाला कळू देणार नाही.

दोनेक आठवड्यांत पहिले सहा जण हाताबाहेर गेले. पोरगा नापास व्हायला नको म्हणून त्यांनी चक्क अभ्यास सुरू केला. औषध दुकानवाले शुक्रवारी गिऱ्हाइकाला थांबवून अग्रलेख संपवू लागले. शिंपीकाकांनी तर भाव, हवामान आणि वधू-वर पाहिजेतच्या जाहिराती पाठ केल्या. मुख्याध्यापिकाबाई उत्तर झाल्यावर विचारायच्या, "किती पडले?" वार्ताहर चेहरा दगडासारखा ठेवून "असं सांगता येत नाही बाई" म्हणाला, की त्या रुसायच्या. मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्या कपाळाला हात लावून बसल्या. "सगळे हुशार निघाले तर प्रबंध कशावर लिहिणार?"

वाचवलं ते मामांनी. मामा काही सांगतच नसत. ते विनोद करत.

"कालचा पेपर? त्यात मंत्र्यांचे दात होते. बाकी सगळा कागद."

"पहिल्या पानावर जाहिरात होती, दुसऱ्या पानावर तिची मावशी."

"अरे, बातम्या त्याच असतात. तारीख तेवढी धुऊन घालतात."

मॅडमनी हे रेकॉर्डिंग ऐकलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "हा माणूस विसरलेला नाही. हा नाकारतोय! हा बातमीला आपल्या डोक्यात जागाच देत नाही. यांच्यावर वेगळं प्रकरण लिही." वार्ताहरानं लिहिलं. 'उपरोधी वाचक: विस्मरण नव्हे, नकार' असं भारदस्त शीर्षक दिलं. दर शनिवारी मामांचा विनोद यायचा, रविवारी त्याचा अर्थ लागायचा. मॅडमनी ते प्रकरण विभागप्रमुखांना दाखवलं. विभागप्रमुख म्हणाले, हे परिसंवादात वाचायला हवं. आयुष्यात पहिल्यांदा वार्ताहराला आपण खरंच कुणीतरी होणार असं वाटायला लागलं, आणि ते मामांच्या जिवावर होतं याचं त्याला कौतुकही होतं.

मग एका शुक्रवारी पेपरात बातमी आली, की कॉलेजचं मोठं गेट बंद होणार आणि नवं गेट मागच्या रस्त्याला उघडणार. म्हणजे दुकानाच्या पोटावरच पाय. मामा दिवसभर पेटले होते. चहावाल्याशी भांडले, प्राचार्यांना चार शब्द सुनावून आले, जेवताना मामीला म्हणाले, "मीच गेटला टेकून बसतो, बघू कोण बंद करतंय." पुठ्ठ्यांवर चढवायच्या कापडाच्या रोलवर पेपर त्या पानाशी उघडाच पडला होता.

शनिवारी वार्ताहरानं फोन सुरू करून विचारलं, "मामा, कालच्या पेपरातलं काय आठवतंय?"

मामांनी पुठ्ठ्यावरचा हात काढला. क्षणभर थांबले. "अरे, बातम्या त्याच असतात. तारीख तेवढी धुऊन घालतात." आणि हसले.

हाच विनोद मागे एकदा झाला होता. तेच शब्द, तेच थांबणं, तिथेच हसणं. हसताना मामा त्याच्याकडे बघत होते. विनोद चालला की नाही, हे अंधारात चाचपडणाऱ्या माणसासारखं बघत होते.

नियम मोडून तो म्हणाला, "मामा, गेटची बातमी?"

"कुठलं गेट?"

मग मामांना त्याचा चेहरा दिसला. त्यांनी घाईघाईनं पुन्हा हसायचा प्रयत्न केला, तो जमला नाही. त्यांनी हात पुसले आणि फोनकडे बोट केलं. "बंद कर ते."

त्यानं बंद केलं.

"होतं असं हल्ली," मामा हळू आवाजात म्हणाले. "समोरचं दिसतं, कालचं निसटतं. वय झालं, दुसरं काय. पण मामीला हे कळता कामा नये. तिच्या आईचं काय झालं होतं ते तिनं बघितलंय. शेवटी स्वतःच्या मुलीला 'कोण बाई तुम्ही' म्हणायची. तू सही केलीयस ना, कुणाला सांगणार नाही म्हणून?"

"केलीय."

"मग झालं तर."

वार्ताहर वर खोलीत गेला. त्या प्रकरणातला नकार, उपरोध, वाचकाचा ताठ कणा, सगळं एका फटक्यात खोटं झालं होतं. जो माणूस आपलं हरवणं झाकायला धडपडत होता, त्याच्या धडपडीला यानं तत्त्वज्ञान म्हणून नटवलं होतं. हे मॅडमना सांगायला हवं होतं, मामीला सांगायला हवं होतं. पण सही केली होती. वचन दिलं होतं. वचन पाळायचं म्हणून तो गप्प बसला, आणि वचन पाळता पाळता प्रकरणही पाळत राहिला. दोन्ही एकाच गप्प बसण्यात बसत होतं, ही सोय त्याला दिसत नव्हती असं नाही. तो त्या सोयीकडे पाठ करून लिहायला बसायचा.

प्रबंध सादर करायचे दिवस आले. दुकानात पाय ठेवायला जागा उरेना. वार्ताहर कोपऱ्यात स्टुलावर लॅपटॉप घेऊन टाइप करत बसायचा. एका दुपारी मामीनं दोन गठ्ठे जुळवून मामांपुढे ठेवले. मामांनी एक उचलला, अर्धा शिवला, तेवढ्यात फोन वाजला. फोन ठेवून परतल्यावर त्यांनी दुसऱ्या गठ्ठ्यातली पानं घेतली आणि पुढे शिवत गेले. वार्ताहरानं ते पाहिलं. म्हणजे, डोळ्यांनी पाहिलं. तोंड उघडायला हवं हे कळेपर्यंत मामांनी सरस लावला होता. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, मग दुसरं आलं, आणि मग आता कसं सांगणार, असं झालं.

चार दिवसांनी एक मुलगी रडत पायरीवर आली. तान्ह्या बाळांच्या आहारावरचा तिचा प्रबंध मध्येच जमिनीच्या धुपेवर घसरला होता. परीक्षकांनी वर्गासमोर विचारलं होतं, की बाळाला नक्की कोणत्या थरातली माती द्यायची.

दुकानात कुणीतरी फिस्सकन हसलं. मामांनी प्रबंध उलटसुलट केला. त्यांना खरंच काही आठवत नव्हतं, हे वार्ताहराला दिसत होतं. मग ते मामीकडे वळले. "अगं, जुळणी तुझी."

मामी टेबलापाशी तशीच उभी राहिली. "माझीच," ती म्हणाली. "माझंच लक्ष नसेल. बाळ, रडू नकोस, आत्ताच्या आत्ता नवीन करून देते." आणि तिनं पहिल्या पानापासून सगळं पुन्हा काढलं. वार्ताहर लॅपटॉपच्या पडद्याकडे बघत होता. पडद्यावर 'उपरोधी वाचक' हे शब्द होते आणि त्यांच्यापुढे ती बारीक रेघ लुकलुकत होती.

तिथून मामी बदलली. डोळे तपासून आली. डॉक्टर म्हणाले, डोळे ठणठणीत. त्यानं तिला बरं वाटायला हवं होतं, पण ती जास्तच गप्प झाली. पानं जुळवताना आकडे मोठ्यानं म्हणू लागली. झालेला गठ्ठा परत सोडून तपासायची, बांधायला देताना हात मागे घ्यायची. काम निम्म्यावर आलं. मामा चिडवायचे, "अगं, प्रबंध आहे तो, गळ्यातला दागिना नव्हे, सोड." ती हसायची नाही. आणि वार्ताहर रोज तिच्या हातचं जेवत होता.

एका रविवारी दुपारी मामा झोपले होते. मामी जिना चढून वर आली. झाडायचं सोडलं तर ती कधी वर यायची नाही. दाराशी उभी राहून म्हणाली, "काम चाललंय का तुझं?"

"नाही, नाही. ये ना मामी."

ती खाटेच्या कडेवर बसली. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "तू ते विचारतोस ना लोकांना, कालच्या पेपरातलं. मला विचार."

"तुला कशाला?"

"विचार तर."

"मामी, तू पेपर वाचतेस कुठे?"

"काल वाचला. सगळा. मुद्दाम वाचला." मग तिचा आवाज खाली गेला. "मला काहीतरी होतंय रे. माझ्या आईचंही असंच सुरू झालं होतं. आधी भाजीत दोनदा मीठ, मग घराची वाट. ती पानं मी मिसळली आणि मला आठवतही नाही, बघ. कितीही ताण दिला तरी आठवत नाही. यांना बोलू नकोस हां. ते वरून थट्टा करतात, पण आतून घाबरट आहेत. विचार मला."

वार्ताहरानं फोन काढला नाही. तरी विचारलं, "कालच्या पेपरातलं काय आठवतंय?"

मामी डोळे मिटून सांगू लागली. पाणी कुठे कधी बंद राहणार. धरणाजवळचा अपघात आणि त्यात वाचलेल्या माणसानं काय सांगितलं. महापौरांचं भाषण, खेळाडूचा गुडघा, हरवलेला पांढरा कुत्रा आणि त्याच्या कानावरचा डाग. शाळेतल्या मुलीसारखी ती हात मांडीवर ठेवून सांगत होती, मध्येच अडली की स्वतःवर चिडत होती. संपल्यावर तिनं डोळे उघडले.

"बरोबर आहे का?"

"मामी, ते..." त्याच्या तोंडातून सवयीनं निघालंच. "ते सांगायचं नसतं."

"का?"

"नियम आहे."

मामीनं मान हलवली. तिला वाटलं, हा आपल्याला सांभाळून घेतोय. चुकलं असणार, म्हणून सांगत नाही. तिचा चेहरा शांतपणे तसं मानून घेताना वार्ताहरानं पाहिला. ती उठली, भिंतीला हात लावून चपला शोधू लागली.

"मामी, तू नाही," तो म्हणाला. "मामा."

ती वळली नाही.

"पानं मामांनी मिसळली. मी बघत होतो. त्यांना कालचं आठवत नाही. बऱ्याच दिवसांपासून."

सापडलेली चप्पल तिनं पायात न घालता तशीच ठेवली.

"तुला कधी कळलं?"

"गेटची बातमी आली तेव्हा."

"म्हणजे ती मुलगी रडत आली तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"मी डोळे तपासायला गेले तेव्हा?"

"हो."

"आणि तू टाइप करत होतास."

वचनाचं तो काहीतरी पुटपुटला, सहीचं म्हणाला. मामीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्यांची सही तू घेतलीस. माझी कुणी घेतली होती का?" मग एकेक पायरी जपून उतरत ती खाली गेली.

दुसऱ्या दिवशी त्यानं मॅडमना सांगितलं, मामांचं नाव न घेता. प्रकरण खोटं आहे, उत्तरदात्याला आठवतच नाही, मला हे कधीचंच माहीत होतं. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मलाही ते इतकं आवडलं होतं, की मी दुसरं काही ऐकलंच नाही," त्या म्हणाल्या. त्यांनी दोष वाटून घेतला, पण वार्ताहराचा वाटा तेवढाच राहिला. परिसंवादाचं रद्द झालं. प्रबंधाला मुदतवाढ मिळाली.

मामांची तपासणी झाली. मामी त्यांना घेऊन गेली, वार्ताहराला कुणी बरोबर चल म्हटलं नाही. गोळ्या सुरू झाल्या. शिवणीच्या वेळी मामी शेजारी उभी राहू लागली. मामा रोजच्यासारखे बोलायचे, चहावाल्याची टिंगल करायचे, गिऱ्हाइकांना हसवायचे. फक्त भाचा आला की गप्प व्हायचे. एकदाच म्हणाले, "माझं जे जे घेतलंयस ते सगळं काढ त्यातून." कालचं विसरणाऱ्या मामांच्या ध्यानात, त्यानं सांगून टाकलं एवढं मात्र पक्कं बसलं होतं.

त्यानं काढलं. सातवा उत्तरदाता गेला, प्रकरण गेलं. उरले ते अभ्यास करून आलेले सहा जण. त्यांनी अभ्यास का केला, संशोधकानं नुसतं विचारल्यानं माणसं कशी बदलतात, असं काहीतरी बारीक, खरं आणि कंटाळवाणं त्यानं लिहिलं. मॅडमनी सही केली. आता बांधून घ्यायचं राहिलं होतं.

कागद हातात घेऊन तो जिना उतरला आणि दुकानाच्या मागच्या दारानं बाहेर पडला. मामांपुढे तो गठ्ठा ठेवायची त्याची छाती झाली नाही. मोठं गेट एव्हाना बंद झालं होतं. मागच्या रस्त्याला, नव्या गेटपाशी, एकानं नवंकोरं बायंडिंगचं दुकान टाकलं होतं. तो दुकानदार ओळखीचं हसला. "तुमच्या मामांचं दुकान असताना आमच्याकडे?"

"तिकडे फार गर्दी आहे," वार्ताहर म्हणाला. तिकडे हल्ली कुत्रं फिरकत नव्हतं.

बांधलेली प्रत त्यानं खोलीत ठेवली होती. पण मामी झाडायला वर गेली आणि प्रत खाली घेऊन आली. संध्याकाळी तो परतला तेव्हा प्रत टेबलावर होती आणि मामा पुठ्ठ्याच्या कडेवरून अंगठा फिरवत होते.

"कोणी बांधलं हे?"

कित्येक दिवसांनी मामा त्याच्याशी बोलले होते. मामी टेबलाच्या त्या टोकाला पानं जुळवत होती.

"मागच्या गेटवाल्यानं."

मामांचा अंगठा थांबला. त्यांचा चेहरा असा झाला, की ओरडले असते तर बरं, असं वार्ताहराला वाटलं. त्यांनी प्रत हळूच बाजूला सरकवली आणि आत निघून गेले.

सकाळी तो चहाला खाली आला. प्रत तिथेच होती. मामांनी ती उचलली, उजेडात धरली, कडेवरून अंगठा फिरवला. "शिवण सैल आहे. अक्षरं तिरकी. वार्ताहर, कोणी बांधलं रे हे?"

आवाजात राग नव्हता. कालची संध्याकाळ त्यांच्यापाशी नव्हतीच. 'तुम्हीच बांधलंत, मामा,' एवढं म्हटलं की झालं. मामा शिवणीला नावं ठेवून हसले असते, चहा प्यायले असते. वार्ताहरानं तोंड उघडलं. टेबलाच्या त्या टोकाला मामीची पावलं थांबली. हातातली पानं तशीच धरून ती त्याच्याकडे बघत होती, मध्ये पडत नव्हती.

"मागच्या गेटवाल्यानं," तो म्हणाला.

आणि मामांना ते पुन्हा पहिल्यांदाच लागलं.